ढालवाल्या गोळ्या

"ही बाटली आत्ताच्या आत्ता परत घेऊन जा," यमुनाबाई म्हणाल्या.

"आई, आधी ऐकून तर घे."

"ऐकलं. बापाने दारू प्यायची आणि मुलाने बापाच्या लिव्हरसाठी गोळ्या आणायच्या. उद्या चोराला हातमोजे नेऊन दे. थंडी वाजत असेल बिचाऱ्याला."

तेजसने मान खाली घातली, पण बाटली काही उचलली नाही. विश्रांतवाडीच्या त्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी ती ऐटीत उभी होती. तिच्यावर एक सोनेरी ढाल छापलेली होती आणि ढालीमागून एक गुलाबी लिव्हर दात काढून हसत होतं. लिव्हरला दात असतात हे यमुनाबाईंना महापालिकेच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवूनही माहीत नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'तुम्ही बिनधास्त जगा, लिव्हर आम्ही सांभाळतो.' हे वाचून तर यमुनाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, बाबा सोडणार नाहीत हे तुलाही माहितीये," तेजस म्हणाला. "मग ॲटलीस्ट डॅमेज तरी कंट्रोल करू. आमच्या टीममधले सगळे वीकेंडला पितात आणि मंडेपासून ह्या घेतात. नॅचरल आहे सगळं. हळद, ग्रीन टी, असलंच काहीतरी."

"म्हणजे तुझी सगळी टीमच वाया गेलेली आहे."

ज्यांच्या लिव्हरवरून ही लढाई चालली होती ते उत्तरेश्वर ओव्हाळ गॅलरीत पेपर वाचत बसले होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून ते निवृत्त झाले होते. उभा जन्म स्फोटकांच्या शेजारी काढल्यामुळे असेल, पण घरातल्या कुठल्याही स्फोटाने त्यांच्या कपाळावर आठी म्हणून पडत नसे.

"मी काय रोज पितो का?" त्यांनी पेपराआडूनच विचारलं.

"छे! रोज कुठे? शनिवारी पिता. तुमच्या त्या दोस्ताकडे, रतनभाऊंकडे, पाहुणे आले की पिता. पाहुणे गेले की सुटलो म्हणून पिता."

"मग? रोज नाही ना?"

आणि खरंच, रोज नव्हती. पण ज्या दिवशी रतनकडे बैठक असे त्या दिवशी जिन्यातली माणसं आपापल्या दाराला कान लावून बसत. उत्तरेश्वर वर आले की यमुनाबाई दार अर्धवट उघडून, नाक पुढे करून म्हणत, "हा करा." उत्तरेश्वर शहाण्या मुलासारखं तोंड उघडून "हा" करत. मग जे काही व्हायचं ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाई.

"बाबा, रोज रात्री दोन कॅप्सूल, जेवणानंतर. प्लीज," तेजस म्हणाला.

"घेणार नाही. गोळी घेतली म्हणजे आजार आहे असं कबूल केल्यासारखं होतं. मला आजार नाही."

"हीच हिंमत त्या रतनभाऊंसमोर दाखवली असती तर गोळीची वेळच आली नसती," यमुनाबाई म्हणाल्या.

शब्दाने शब्द वाढला. तेजसचा पाराही आईच्याच वळणावर गेलेला होता. "ठीक आहे," तो म्हणाला, "तुम्ही घेणार नसाल तर मी येणार नाही. उत्कर्षालाही आणणार नाही आणि संस्कृतीलाही."

उत्कर्षा म्हणजे त्याची बायको आणि संस्कृती म्हणजे त्याची लहानगी. तिचं नाव निघाल्यावर यमुनाबाईंनी बाटली मुकाट्याने स्वतःकडे ओढली. उत्तरेश्वरांनी मात्र पेपराचं पान उलटलं. "नको येऊस. वारजे ते विश्रांतवाडी म्हणजे अर्धं पुणं. तेवढंच ट्रॅफिक कमी होईल."

तेजस गेला. बाटली राहिली.

त्याने बापाशी बोलणं टाकलं आणि तहाच्या अटी आईला फोनवर कळवल्या. रोज संध्याकाळी तो फोन करणार, गोळ्या पोटात गेल्या का एवढंच विचारणार. आठवडाभर 'हो' आलं, तर रविवारी संस्कृतीला घेऊन येणार. 'नाही' आलं, तर वारज्यातच बसणार.

आता इथे यमुनाबाईंचा स्वभाव सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचा घोळ कुणाच्या लक्षात यायचा नाही. यमुनाबाई विहाराच्या महिला मंडळाच्या उपाध्यक्ष होत्या. गेली चाळीसएक वर्षं त्या रोज सकाळी अंघोळ झाली की हात जोडून पंचशील म्हणत, आणि म्हणून झाल्यावर ते दिवसभर पाळत. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील. मद्य घेणार नाही, हे पाचवं. दर वर्षी बुद्धपौर्णिमेला विहारात व्यसनमुक्तीचा कार्यक्रम होई आणि पाचव्या शीलावर बोलायचा मान त्यांचा असे. वस्तीत भांडण झालं तर लोक म्हणत, यमुनाताई काय म्हणतात ते विचारा. त्यांचा शब्द खाली पडलाय असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. तेवढी एकच कमाई होती बाईची, आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी भाकरीशेजारी दोन गोळ्या ठेवल्या. उत्तरेश्वरांनी आमटीतला कढीपत्ता बाजूला सारावा तशा त्या ताटाच्या कडेला सारल्या, हात धुतला आणि शतपावलीला निघून गेले. तेवढ्यात फोन वाजला.

यमुनाबाईंच्या तळहातावर गोळ्या आणि कानाशी फोन. खोटं बोलायचं? शक्य नाही. खरं बोलायचं? मग रविवार गेला, आणि रविवारबरोबर नात गेली. त्यांना नवऱ्याचा असा संताप आला की समोर असते तर गोळ्या त्यांच्या नाकात कोंबल्या असत्या. समोर ते नव्हते, ताकाचा पेला होता. यमुनाबाईंनी दोन्ही गोळ्या तोंडात टाकल्या आणि वर ताकाचा घोट घेतला.

"आई? गेल्या का पोटात?"

"गेल्या," यमुनाबाई म्हणाल्या.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. कुणाच्या पोटात, हे तेजसने विचारलं नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. उत्तरेश्वर गोळ्या सारत आणि यमुनाबाई गिळत. गिळताना नवऱ्याला मनातल्या मनात एक सणसणीत विशेषण बहाल करत. ते उघड म्हणत नसत, कारण वाणीलाही काही नियम असतो. रविवारी संस्कृती येई, घरभर धुडगूस घाले आणि आजीच्या मांडीवर झोपून जाई. ती गेली की उत्तरेश्वर समाधानाने म्हणत, "बघ, मी म्हटलं नव्हतं? पोरं आपोआप येतात. फार मागे लागायचं नसतं."

हे वाक्य ऐकताना यमुनाबाई हातातलं भांडं इतक्या जोरात घासत की त्याच्यावरचं नाव पुसट होई.

बाप गोळ्या घेतोय म्हणून तेजस खूश झाला आणि त्याने आणखी जोरदार गोळ्यांची बाटली पाठवली. हिच्यावर ढाली दोन होत्या. यमुनाबाईंनी त्याही सुरू केल्या.

पौर्णिमा जवळ आली तशी यमुनाबाईंनी विहाराच्या सभागृहात रक्ततपासणीचं शिबिर लावलं. वरवर ते सगळ्या वस्तीसाठी होतं. मनातून ते एकाच माणसासाठी होतं.

"चला, रक्त द्या," त्या उत्तरेश्वरांना म्हणाल्या. "एकदा कागदावर येऊ दे तुमचं लिव्हर. मग मी बघते."

"तू दे आधी."

"देते की! मला कसली भीती?" असं म्हणून यमुनाबाईंनी सगळ्यांत आधी बाही वर केली.

रिपोर्ट आले. यमुनाबाईंनी पेपर तपासायला घ्यावा तशा थाटात आधी नवऱ्याचा उघडला. लिव्हर नॉर्मल. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तरी नॉर्मल. मग घुश्शातच स्वतःचा उघडला. लिव्हरसमोर आकडे ठळक अक्षरांत होते आणि त्यांच्यापुढे वर जाणारे बाण होते.

"नळ्या बदलल्या," त्या म्हणाल्या, आणि पायात चपला सरकवून लॅबमध्ये पोहोचल्या.

"मॅडम, नळीवर नाव असतं," काउंटरवरची सोनाली म्हणाली.

"नाव चुकीचं चिकटवलंत."

"काकांचा प्रोस्टेटचा रिपोर्ट काकांच्याच कागदावर आलाय ना? मग नळी त्यांचीच होती. बाईच्या रक्तात प्रोस्टेट सापडलं असतं तर आम्हाला पेपरात बातमी द्यावी लागली असती."

मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. यमुनाबाईंनी वळून पाहिलं तर महिला मंडळाची सचिव उल्का तिथे उभी. उल्काचा उपाध्यक्षपदावर बरेच दिवस डोळा होता, आणि आत्ता तोच डोळा यमुनाबाईंच्या हातातल्या कागदावरही होता. यमुनाबाईंनी तिथल्या तिथे पुन्हा रक्त दिलं. पुन्हा तेच बाण आले.

मग डॉक्टर. डॉक्टर अक्षता म्हणजे तरुण पोरगी, पण बोलायला गोड. तिने कावीळबिवीळ सगळं तपासून घेतलं. ते स्वच्छ निघालं, आणि तिथेच यमुनाबाईंचं नशीब फिरलं. अक्षताने खुर्ची जरा पुढे ओढली.

"आजी, ड्रिंक्स घेता का?"

"काय?"

"दारू. मी जज नाही करत हं. हल्ली खूप बायका घेतात."

"मी विहाराच्या महिला मंडळाची उपाध्यक्ष आहे."

"हो, हो. पण कधीतरी? सोशली?"

"बाई, मी खोकल्याचं औषधसुद्धा आधी बाटली वाचून घेते."

"बरं. घरात कुणी घेतं?"

"हे घेतात," यमुनाबाई शेजारच्या खुर्चीतल्या नवऱ्याकडे मान वळवून म्हणाल्या.

अक्षताने उत्तरेश्वरांचा नॉर्मल रिपोर्ट पाहिला. मग यमुनाबाईंचा पाहिला. मग अगदी हळुवार आवाजात विचारलं, "सोबत बसता का दोघं?"

यमुनाबाई ताडकन उभ्या राहिल्या. तेव्हा उत्तरेश्वर बायकोच्या मदतीला धावले, आणि तेच नडलं. "डॉक्टर, ही घेत नाही. मी शपथेवर सांगतो," ते म्हणाले. पण ते इतक्या गंभीरपणे आणि इतक्या मायेने म्हणाले, की लपवाछपवी करणारा नवरा दिसावा तर असाच.

"समजू शकते मी, काका," अक्षता म्हणाली. "घरच्यांनी असा आधार दिला की पेशंट लवकर बाहेर येतो. आजी, दुसरी काही औषधं चालू आहेत?"

"मला ब्लडप्रेशरची एक. सकाळी."

यमुनाबाईंनी काही लपवलं नव्हतं. ढालवाल्या गोळ्या त्यांच्या डोक्यात आल्याच नाहीत. त्या गोळ्या उत्तरेश्वरांच्या होत्या. यमुनाबाई नुसत्या त्या जागेवर पोहोचवत होत्या. आणि आल्या असत्या तरी, लिव्हर सांभाळणाऱ्या गोळ्यांनी लिव्हर बिघडतं असा संशय कोण घेईल?

"थोडे दिवस पूर्ण बंद ठेवा," अक्षता म्हणाली. "मग पुन्हा रक्त पाहू."

"काय बंद ठेवू?"

"ते… तुम्हाला माहितीये, आजी."

जे कधी सुरूच केलं नाही ते बंद कसं करायचं, ह्या संतापात यमुनाबाई घरी आल्या. तेजसला कळलं तेव्हा तो हादरलाच. "आई, तुझं लिव्हर? अगं मग तूही घे ना त्या कॅप्सूल! बाबांचा रिपोर्ट बघ, नॉर्मल आला. त्या वर्क होतायत!"

हे यमुनाबाईंना पटलं. इतका चिडलेला माणूस तर्क करायला लागला की असंच होतं. त्या दिवसापासून त्या नवऱ्याच्या वाटच्या गोळ्या घेत आणि वर स्वतःच्या वाटच्याही.

इकडे उल्काने कुणाला काही सांगितलं नव्हतं. "मला काय वाटतं, आपण कुणी यमुनाताईंच्या लिव्हरबद्दल बोलायचं नाही," एवढंच ती प्रत्येक घरी जाऊन सांगून आली होती. जिन्यात बायका यमुनाबाईंना पाहून पदर सावरू लागल्या. भाजीवाली नको तितकं गोड बोलू लागली. एका संध्याकाळी त्या विहारातून परत आल्या तर उत्तरेश्वर दारातच उभे. डोळे मिश्कील.

"हा कर," ते म्हणाले.

पुढचे कितीतरी दिवस त्या घरात फक्त कुकर बोलत होता.

मग रतन आला. मूळचा धानोरीचा, गाव शहरात आलं तरी बोली काही शहरात आली नव्हती. उत्तरेश्वर घरी नाहीत असं बघूनच आला होता. हातात कागदाची पुडी.

"वैनी, म्या कुनाला सांगत न्हाई," तो हलक्या आवाजात म्हणाला. "पर रिकाम्या पोटी घेऊ नगा. हे शेंगदानं हायत. भाजलेलं."

"रतनभाऊ, मी पीत नाही!"

"सुरवातीला समदे असंच म्हंत्यात. तुमी आता आपल्यातल्याच हाय. लाज नगा वाटून घेऊ."

यमुनाबाईंनी ती पुडी जिन्यावरून अशी भिरकावली की शेंगदाणे पार्किंगपर्यंत गेले. खाली उभ्या असलेल्या शेजारणीने वर पाहिलं आणि ओळखलं, चखणा.

शेवटी जे व्हायला नको तेच झालं. मंडळाच्या अध्यक्ष तुळजाबाई उल्काला घेऊन चहाला आल्या. तुळजाबाई वयाने मोठ्या, बोलायला सावकाश. त्यांनी अर्धा कप संपेपर्यंत हवापाण्याच्या गोष्टी केल्या.

"यमुना, यंदा पाचव्या शीलावर उल्का बोलेल," त्या म्हणाल्या. "तू मैत्रीवर बोल."

"का?"

"असंच. बदल म्हणून."

"तुळजाबाई, माझ्याकडे बघून सांगा. तुम्हाला वाटतं मी पिते?"

तुळजाबाईंनी कपात पाहिलं. "तू नाही म्हणालीस तर नाही, बाई. पण लोक रिपोर्टवर विश्वास ठेवतात."

"आणि माझ्या शब्दावर?"

उल्काने बिस्कीट उचललं. यमुनाबाईंना रडू आलं नाही, रागाने कान तेवढे तापले. चाळीस वर्षं जपलेला शब्द, आणि तो कुठल्या लॅबच्या कागदापुढे पालथा पडला होता. ज्या नवऱ्यासाठी आणि ज्या मुलासाठी हे सगळं निस्तरत होत्या, त्यांच्यापैकी एकाला पेपर होता आणि एकाला हिंजवडीतली नोकरी.

"मैत्रीवर बोलते," त्या म्हणाल्या. "फक्त सध्या माझी कुणाशीही मैत्री नाही, हे ध्यानात ठेवा."

पौर्णिमेच्या आधी पुन्हा रक्त तपासलं तर बाण आणखी वर गेले होते. डोळ्यांतही पिवळी झाक दिसायला लागली होती. ह्या वेळी तेजस गाडी घेऊन आला आणि तिघेही डॉक्टरांकडे गेले. वाटेत बाप पुढे, मुलगा स्टीअरिंगला, आणि दोघंही मागच्या सीटवरच्या यमुनाबाईंमार्फत बोलत होते.

"आजी," अक्षता म्हणाली, आणि आता तिच्या आवाजातला गोडवा जरा आटला होता, "तुम्ही बंद केलेली नाही."

"डॉक्टर, वन सेकंद," तेजस मध्ये पडला. "आई घेत नाही, आय स्वेअर. आणि ती सप्लिमेंट पण घेतेय. बाबा तर कधीपासून घेतायत, म्हणून तर त्यांचं नॉर्मल आलं." त्याने बॅगेतून दोन ढालींची बाटली काढून अभिमानाने टेबलावर ठेवली.

उत्तरेश्वरांनी बाटलीकडे पाहिलं. "ही? मी ह्यातली एकही घेतलेली नाही."

"बाबा, प्लीज. आई रोज सांगायची."

"आईला विचार. मी गोळ्या ताटाच्या कडेला ठेवून उठायचो. पुढे त्यांचं काय होतं मला काय माहीत? मला वाटलं, कचऱ्यात जातात."

आता तिघेही यमुनाबाईंकडे बघू लागले.

"आई, तू म्हणायचीस ना, पोटात गेल्या म्हणून?"

"गेल्याच होत्या," यमुनाबाई म्हणाल्या.

"कुणाच्या?"

यमुनाबाईंनी पर्सचा बंद घट्ट धरला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

अक्षताने बाटली उचलून मागची बारीक अक्षरं वाचली. मग विचारलं, रोज किती? यमुनाबाईंनी सांगितलं. नवऱ्याच्या वाटच्या आणि स्वतःच्या वाटच्या. अक्षताने कपाळाला हात लावला.

"हळद भाजीत घातली तर काही होत नाही, आजी. पण हा अर्क आहे, त्यात ग्रीन टीचाही अर्क. इतक्या प्रमाणात घेतला तर काही जणांचं लिव्हर त्यानेच बिघडतं. आज, आत्तापासून बंद. उतरेल हे हळूहळू, पण दर आठवड्याला रक्त दाखवायचं."

"पण वर ढाल आहे ना," तेजस पुटपुटला.

"ढाल छापलेली आहे," अक्षता म्हणाली. "दारूपासून लिव्हर वाचवायचं एकच औषध आहे. दारू बंद करणं. ते बाटलीत मिळत नाही. आणि काका, तुम्ही हसू नका. रक्त नॉर्मल येतं तरी आत लिव्हर खराब होत असू शकतं. तुमची सोनोग्राफी करायची आहे."

उत्तरेश्वरांच्या कपाळावर पहिल्यांदाच एक आठी उमटली.

"आजी, सॉरी," अक्षता म्हणाली. "मी म्हटलं दारूमुळे झालंय. माझं चुकलं."

यमुनाबाई काहीच बोलल्या नाहीत. गाडीत बोलल्या नाहीत, घरी बोलल्या नाहीत, जेवताना बोलल्या नाहीत. यमुनाबाई ओरडत असल्या की घर निर्धास्त असे. त्या गप्प बसल्यावर बापलेक इतके घाबरले की पाण्याचा तांब्या एकमेकांना हाताने द्यायला लागले.

पौर्णिमेला विहार भरून गेला. पांढऱ्या साड्या पुढे, पुरुष मागे. उत्तरेश्वर शेवटच्या रांगेत, शेजारी रतन. तेजस, उत्कर्षा आणि संस्कृती खांबापाशी. उल्काचं पाचव्या शीलावरचं भाषण झालं. त्यात "काही जाणती माणसंसुद्धा" हे शब्द तीनदा आले आणि तिन्ही वेळा लोकांनी यमुनाबाईंकडे पाहिलं. मग तुळजाबाईंनी जाहीर केलं, "आता यमुनाताई मैत्रीवर बोलतील."

यमुनाबाई उभ्या राहिल्या. हातात कागद नव्हता.

"जय भीम. मैत्रीवर पुढच्या वर्षी बोलते," त्या म्हणाल्या. "माझं लिव्हर बिघडलंय, हे तुम्ही ऐकलंच असेल. आपल्याकडे ऐकायची सोय चांगली आहे. तुम्ही जे ऐकलंत ते खरं आहे. माझं लिव्हर दारूनेच बिघडलंय."

उल्काच्या चेहऱ्यावर पौर्णिमा उगवली. मागे रतनने समजुतीने मान हलवली.

"दारू प्यायले ते," यमुनाबाईंनी शेवटच्या रांगेकडे बोट दाखवलं. "काळजी लागली मुलाला. त्याने बापासाठी गोळ्या आणल्या. बापाने त्या घेतल्या नाहीत, आणि घर फुटू नये म्हणून त्या मी गिळल्या. त्या गोळ्यांनी माझं लिव्हर गेलं. आता सांगा, कशाने गेलं? पिणारा एक असतो आणि बिघडतं दुसऱ्याचंच. घरोघरी हेच आहे. इथे पुढे बसलेल्या किती जणींचं काय काय बिघडलंय ते मला माहीत आहे. माझं रक्तात सापडलं, तुमचं सापडत नाही, एवढाच फरक."

पुढच्या रांगेत कुणीतरी पदर तोंडाला लावला. ती उल्का होती, आणि ह्या वेळी ती हसत नव्हती.

"दुसरं," यमुनाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आणखी चढला, कारण आता त्या स्वतःवरच चिडल्या होत्या. "मी मुलाशी खोटं बोलले. शब्द खरे ठेवले आणि खोटं बोलले. ते तर साध्या खोट्याहून वाईट. पाचवं शील मी मोडलेलं नाही. चौथं मोडलं. आज ते पुन्हा घेणार आहे, तुमच्यासमोर." मग त्यांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. "अहो, तुमचं काय?"

सगळ्या माना मागे वळल्या. रतनने उत्तरेश्वरांची बाही खाली ओढली. उत्तरेश्वर तरी उठले. हात जोडले, काहीतरी मोठं बोलायचं म्हणून तोंड उघडलं, आणि त्यातून एवढंच बाहेर आलं, "मी… पाचवं." आणि खाली बसले.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी रतनचा फोन आला. यमुनाबाई स्वयंपाकघरात होत्या, पण कान बाहेर होते.

"नाही, येत नाही," उत्तरेश्वर म्हणत होते. "नाही रे, डॉक्टरचं सोड. घरी माझ्या वाटचं गिळणारं माणूस आहे. मी प्यायलो तर आता काय गिळेल, भरवसा नाही."

त्यांनी फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. ह्या वेळी यमुनाबाईंचा. तेजस.

"आई, बाबांनी आज…"

"त्यांनाच विचार," यमुनाबाई म्हणाल्या आणि ओला हात पदराला पुसत फोन नेऊन नवऱ्याच्या हातात कोंबला. "मी आता कुणाच्या वाटचं काही गिळणार नाही. शब्दसुद्धा."

उत्तरेश्वरांनी घसा खाकरला. इतक्या दिवसांत बापलेकांनी एकमेकांचा आवाज कानाशी धरला नव्हता. "हां, बोल… नाही घेतली… खरंच नाही… काय? अरे, फोनवरून वास कसा देऊ?" मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा चोरून पाहिलं, फोन तोंडासमोर धरला आणि मोठ्याने "हा" केलं. पलीकडून संस्कृतीने त्याहून मोठ्याने "हा!" केलं.

यमुनाबाईंनी आमटीच्या पातेल्यावर झाकण दाणकन आदळलं. त्यांना हसू यायला लागलं होतं, आणि ते इतक्यात कुणाला दाखवायचा त्यांचा मुळीच विचार नव्हता.